घाममाशी : ओळख, जीवनक्रम व शेतीतील उपयोग

पावसाळा ओसरून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील वांग्याच्या मळ्यात खुरपणी करणाऱ्या माणसांच्या हातावर व मानेवर एक चिमुकला, हिरवट चकाकणारा कीटक येऊन बसतो. तो चावत नाही. अंगावरील घाम चाटून उडून जातो. पुष्कळदा त्यास साधी माशी समजून झटकले जाते, आणि तोच फुलावर दिसला तर पिकावर नवी कीड आली असा समज होऊन फवारणीही केली जाते. वस्तुतः हा कीटक मधमाशीच्याच गणगोतातील असून वांग्यासारख्या पिकाच्या फलधारणेस त्याचे मोठे साहाय्य होते. त्याची नीट ओळख नसल्याने शेतकऱ्याच्या हातून आपल्याच मदतनिसाचा नाश होतो.

कुल व नाव

या माश्या शास्त्रीय वर्गीकरणात हॅलिक्टिडी कुलात मोडतात. जगात या कुलाच्या ४,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. आग्या, सातेरी, फुलोरी किंवा कोती यांप्रमाणे सर्वत्र रूढ असे मराठी नाव त्यांना नाही; घामातील क्षार व ओलावा यांच्या ओढीने त्या अंगावर बसतात, म्हणून येथे त्यांना ‘घाममाशी’ म्हटले आहे. या कुलातील सर्वच जाती चकाकणाऱ्या नसतात. कित्येक साध्या काळ्या असतात. चकाकणाऱ्या जातींची हिरवी वा निळसर झळाळी रंगद्रव्याची नसून कातडीच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित झाल्याने उत्पन्न होते.

ओळखण्याच्या खुणा

घाममाशीची लांबी सामान्यतः ४ ते १० मिलिमीटर असते. पंख चार असतात, शृंगिका लांब व कोपरासारख्या वाकलेल्या असतात, आणि अंगावर बारीक लव असते. मादीच्या मागील पायांवर परागकण गोळा करण्यासाठी दाट केस असतात. फुलावरून परतणाऱ्या मादीचे पाय पिवळ्या परागाने माखलेले दिसतात. भिंगातून पाहिल्यास पुढील पंखातील बुडाकडची एक शीर धनुष्यासारखी ठळक वाकलेली आढळते. ही या कुलाची खात्रीची खूण होय. हॅलिक्टस वंशातील हिरव्या माश्यांच्या उदरावर पांढुरक्या केसांचे पट्टे असतात, तर नोमिया वंशातील अनेक जातींच्या उदरावर मिन्याचे काम केल्यासारखे गुळगुळीत, निळसर-हिरवट वा फिकट पट्टे असतात. नर अंगाने सडपातळ असतो. त्याच्या शृंगिका अधिक लांब असून पायांवर पराग नसतो.

पुढील तीन कीटकांशी तिची गल्लत होण्याचा संभव असतो :

१. हिरवी माशी : हिला दोनच पंख असतात. डोळे मोठे व शृंगिका अगदी आखूड असतात. ही घाणीवर व मांसावर बसते.

२. सोनेरी-हिरवी गांधीलमाशी : हिचे अंग कठीण, खाचखळग्यांचे व जवळजवळ केसरहित असते. डिवचल्यास ती अंगाची गुंडाळी करते. ही पराग गोळा करीत नाही.

३. लहान भुंगामाशी : हीही मधमाशीच असून कधीकधी हिरवी असते, परंतु अंग जवळजवळ गुळगुळीत असते व घरटे जमिनीत नसून वाळलेल्या, गराच्या काड्यांत असते.

जीवनक्रम

घाममाशी पोळे बांधीत नाही व मध साठवीत नाही. मादी उघड्या, निचऱ्याच्या व न नांगरलेल्या जमिनीत उभे बीळ खोदते. शेताचा बांध, पाऊलवाट, माळाची कड, विहिरीजवळील घट्ट जमीन या तिच्या आवडीच्या जागा. बिळाचे तोंड जेमतेम काडी जाईल एवढे असून भोवती मातीच्या बारीक कणांचा ढीग दिसतो. बिळाला फुटलेल्या आडव्या फांद्यांच्या टोकाशी एकेक कोठडी असते. मादी आपल्या शरीरातून स्रवणाऱ्या द्रव्याने कोठडीस आतून लेप देते. त्यामुळे ओल आत शिरत नाही. मग पराग व मकरंद कालवून त्याचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते आणि कोठडी बंद करते. अळी तो गोळा खाऊन वाढते व तेथेच कोष होऊन प्रौढ माशी बाहेर पडते. उष्ण हवेत हा क्रम सुमारे महिनाभरात पुरा होतो. फलित अंड्यापासून मादी व अफलित अंड्यापासून नर निपजतो.

काही जातींत प्रत्येक मादी एकटी राहते. काहींत आई व लेकी एकाच बिळात नांदतात आणि एक माशी आपल्या डोक्याने बिळाचे तोंड अडवून पहारा देते. मादीस नांगी असते. परंतु चिमटीत वा कपड्यात दाबली गेल्याखेरीज ती डंख करीत नाही, व तो डंखही सौम्य असतो. नरास नांगी नसते.

वांग्याच्या फुलाशी संबंध

वांग्याच्या फुलात मकरंद नसतो, आणि पराग बंद नळीसारख्या परागकोशात असून टोकाच्या छिद्रांतूनच बाहेर पडतो. सातेरी वा फुलोरी माशीस तो हलवून काढता येत नाही. या कुलातील अनेक माश्या मात्र परागकोशास घट्ट धरून छातीच्या स्नायूंचे जोराने कंपन करतात. त्या गुणगुणण्याबरोबर पराग बाहेर झडतो. वाऱ्यानेही काही पराग पडतो, परंतु माशीच्या भेटीने तो स्त्रीकेसरावर अधिक भरपूर व खात्रीने पोहोचतो.

याची प्रचीती कोणासही घेता येईल. लांब स्त्रीकेसराच्या २० कळ्या उमलण्यापूर्वी मलमलीच्या पिशवीत बांधाव्या व तितक्याच कळ्या खुणेचा दोरा बांधून उघड्या ठेवाव्या. फुले गळल्यावर पिशव्या काढून दोहोंतील फळांची संख्या व पुढे वजन ताडून पाहावे. पिशवीने वाराही काहीसा अडतो, हे ध्यानात ठेवावे. सूर्यफूल, करडई, कांद्याचे बियाणे व कोथिंबीर यांच्या फुलांवरही या माश्या आढळतात.

संरक्षणाचे उपाय

परदेशात अशा माशीचे मोल शेतकऱ्यांनी फार पूर्वी ओळखले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात नोमिया वंशातील एक जाती खारवट, ओलसर जमिनीत वस्ती करते. लसूणघासाच्या बियाण्याकरिता तेथील शेतकरी १९५० नंतरच्या दशकापासून तिच्यासाठी जमिनीखालून पाणी देऊन खास वाफे राखीत आले आहेत. येथे एवढा खर्च करण्याचे कारण नाही; पुढील गोष्टी पुरेशा आहेत :

१. बांध व शेताच्या कडेची एक पट्टी न नांगरता ठेवावी. सर्व जमीन प्लास्टिक आच्छादनाखाली गेल्यास माशीला बीळ करण्यास जागा उरत नाही.

२. बिळांच्या जागी पाणी साचू देऊ नये व कीटकनाशक ओतू नये.

३. शेंडा व फळे पोखरणाऱ्या अळीसाठी किडलेले शेंडे खुडून नष्ट करावे, कामगंध सापळे लावावे व आरंभी ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा.

४. रासायनिक फवारणी अटळ असल्यास ती माश्यांचा वावर थांबल्यावर, सायंकाळी उशिरा करावी.

५. बांधावर झेंडू, तीळ, तुळस अशी आलटून पालटून फुलणारी झाडे राखावी, म्हणजे पीक फुलावर नसतानाही माशीस अन्न मिळते.

घाममाशीला पेटी लागत नाही, साखरपाणी लागत नाही, की मजुरी लागत नाही. तिला हवी असते न नांगरलेली हातभर जमीन आणि विषमुक्त सकाळ. एवढे दिल्यास तिची पुढील पिढी त्याच बांधातून निघून त्याच मळ्यात कामास येते.