बांधकामावरील घडीचा चाकू : निवड आणि निगा

बांधकामावर चाकूचे काम दिवसातून किती वेळा पडते याची मोजदाद सहसा कोणी करीत नाही. सिमेंटच्या पोत्याची शिवण उसवणे, परांचीच्या बांबूंवरील सुंभाची घट्ट बसलेली गाठ कापणे, ओळंब्याचा दोरा तोडणे, ताडपत्री फाडणे, पेन्सिलीला टोक करणे, ही कामे गवंडी, सुतार व मजूर या सर्वांनाच करावी लागतात. खिशात मावणारा घडीचा चाकू त्यासाठी सोयीचा असतो. तो विकत घेताना ग्राहक बहुधा पात्याची चकाकी पाहतो आणि दुकानदार पोलादाची थोरवी सांगतो. परंतु बोट कापले जाण्याचे मोठे कारण पुष्कळदा पात्याच्या पोलादात नसून सांध्यात असते. म्हणून थोड्या पैशांत चाकू घ्यावयाचा झाल्यास पैसा कशासाठी मोजावा व कशासाठी मोजू नये, याचा विचार आवश्यक ठरतो.

वाळूपुढे पोलाद

पदार्थाचा कठीणपणा मोजण्याची एक रीत अशी आहे : हिऱ्याचे टोक ठराविक भाराने पृष्ठभागावर दाबतात व पडलेल्या खळगीच्या आकारावरून अंक काढतात. त्यास व्हिकर्स अंक म्हणतात. साध्या चाकूच्या पात्याचा हा अंक ६०० च्या आसपास, तर चांगल्या महाग पात्याचा ७०० च्या आसपास असतो. वाळूतील मुख्य खनिज जे क्वार्ट्‌झ, त्याचा अंक मात्र सुमारे १,१०० असतो. बांधकामावरील दोर, पोती, लाकूड या सर्वांत वाळूचे कण शिरलेले असतात. ते कण दोन्ही पात्यांना ओरखडतात. महाग पाते थोडे अधिक टिकते, इतकेच. ज्या पोलादात व्हॅनेडियमसारख्या धातूंची अतिकठीण संयुगे पुरेशी असतात, ते वाळूपुढे अधिक तग धरते; पण त्याची किंमत मोठी असते व कामाच्या जागी साध्या दगडावर त्यास धार लावणे कष्टाचे होते.

यावरून निष्कर्ष असा की, अशा कामात धार जाणारच. तेव्हा ती पुन्हा लवकर लावता येणे हा पात्याचा पहिला गुण मानावा. दुसरा गुण चिवटपणा. पोलाद तापवून एकदम थंड केले, म्हणजे त्यास पाणी दिले, की ते कठीण होते, परंतु ठिसूळही होते. पुन्हा बेताने तापवून हा ठिसूळपणा कमी करतात. दणकट कामासाठी थोडा कठीणपणा कमी असला तरी चालेल, पण खिळ्यावर आदळताच पात्याचा टवका उडता कामा नये.

गंजाचा प्रश्न स्थानाप्रमाणे बदलतो. १९१३ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियमयुक्त पोलाद तयार केले, त्यातून कलंकरहित पोलादाच्या सुऱ्या पुढे आल्या. अशा पोलादात क्रोमियमचे प्रमाण निदान १०.५ टक्के असावे लागते. कोकण, गोवा किंवा चेन्नईसारख्या दमट व खाऱ्या हवेत असेच पाते घेणे हिताचे. कोरड्या प्रदेशात साध्या कर्बयुक्त पोलादाचे पाते स्वस्त पडते व त्यास धारही सुलभतेने लागते. मात्र रोज पुसून तेलाचा हात द्यावा लागतो.

खटक्याची कसोटी

गाठीत रुतलेले टोक हिसडून काढताना, अथवा टोक खुपसताना ते मध्येच अडले असता, पात्याच्या पाठीवर उलटा दाब येतो. पाते मिटू लागते आणि धारेच्या वाटेत बोटे असतात. ज्या चाकूत केवळ कमान असते, तो अशा वेळी मिटतोच. पाते उघड्या स्थितीत अडकवून ठेवणारा खटका म्हणूनच आवश्यक आहे.

खटक्यावर किती भार येतो हे तरफेच्या नियमाने काढता येते. खिळीपासून पात्याचे टोक ८ सें.मी. व खटका ८ मि.मी. अंतरावर असल्यास टोकावरील ५ किलोग्रॅमचा दाब खटक्यावर दसपट, म्हणजे ५० किलोग्रॅम होतो. खीळ सैल असली किंवा खटक्याच्या खाचेत सिमेंटची भुकटी साचली, तर एवढा भार अपुऱ्या आधारावर पडून तो निसटतो. पाठीकडील दांड्याचा, बाजूच्या पट्टीचा व फिरत्या कड्याचा असे खटक्याचे प्रकार आढळतात. फ्रान्समध्ये १८९० पासून बनणाऱ्या ओपिनेल चाकूला १९५५ साली असे कडे बसवण्यात आले. त्याची रचना साधी असून साफ करण्यास सोपी आहे. परंतु लाकडी मूठ भिजून फुगल्यास पाते आत अडकून बसते. प्रकार कोणताही असो, खाच उघडी व पुसता येण्याजोगी असावी.

दुकानातील परीक्षा

पाते उघडून खटका पूर्ण बसतो की नाही ते पाहावे. पाते डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. खडखड वाटल्यास चाकू परत ठेवावा. त्यानंतर बोटे पात्याच्या वाटेतून दूर ठेवून पाठ लाकडावर हलकेच आपटावी. खटका सुटता कामा नये. पात्याची लांबी ७ ते ९ सें.मी. व पाठीची जाडी २.५ ते ३ मि.मी. पुरते. मूठ घामेजल्या हातात न निसटणारी असावी व तिला दोरी ओवण्यास भोक असावे. दहा मीटर उंचीवरून सुटलेला चाकू जमिनीवर पोहोचेपर्यंत सेकंदाला सुमारे १४ मीटर वेग घेतो, आणि परांचीखाली माणसे वावरत असतात. उंचावर काम करणाऱ्याने चाकू दोरीने पट्ट्याला बांधावा.

किंमत ठरवताना एक साधे माप वापरता येईल : चाकू हरवला तर एका दिवसाच्या मजुरीहून अधिक नुकसान होऊ नये.

मोडत्या पात्याचा पर्याय

१९५६ साली जपानमधील ओसाका येथे योशियो ओकादा यांनी खाचा पाडलेल्या पात्याचा चाकू तयार केला. टोक बोथट झाले की तेवढा तुकडा मोडून टाकता येतो. ताडपत्री, पुठ्ठा व जिप्समचे तक्ते कापण्यास हा उत्तम. परंतु त्याच खाचांमुळे पाते आडव्या दाबाने मोडते. म्हणून गाठ उकलण्यास तो वापरू नये.

निगा

दिवसाखेर सांध्यातील भुकटी ब्रशाने झाडावी व तेलाचा एक थेंब सोडावा. दणकट कामाच्या धारेचा एकूण कोन सुमारे ४० अंश ठेवावा. विजेच्या चाकावर धार लावताना पाते निळे पडल्यास त्या जागी उष्णता सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत गेली असे समजावे. तेथील पाणी उतरलेले असते. पाते पहारीसारखे वापरू नये व त्याच्या पाठीवर हातोडा मारू नये. खटका निसटू लागलेला चाकू दुरुस्त होत नसेल, तर त्याची धार कितीही चांगली असली तरी तो टाकून द्यावा. गेलेली धार दगडावर परत येते, तुटलेले बोट येत नाही.