वेदी की साक्ष?

शास्त्रपाठ : यहोशवा २२:१०-३४; २ राजे १८:१-४

यार्देनेच्या काठी एक मोठी वेदी उभी राहिली आणि इस्राएलात युद्धाची तयारी सुरू झाली. रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश यांनी ती बांधली होती. परमेश्वराची वेदी एक असताना ही दुसरी कशाला? बाकीचे सर्व वंश शिलो येथे जमले. पण लढाईला निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. विचारपूस करण्यासाठी त्यांनी फिनहास याजक आणि दहा सरदार यांना पुढे पाठवले. या महिन्याच्या अभ्यासात आपल्याला याच अकरा जणांकडे पाहायचे आहे.

फिनहास कोण हे वाचकांना ठाऊक आहे. गणना २५ मध्ये भाला हाती घेऊन तंबूत शिरलेला तोच हा. नरमाईबद्दल त्याची ख्याती नव्हती. तरी त्याने आधी आपला आरोप स्पष्ट बोलून दाखवला, आणि मग उत्तर ऐकून घेतले. उत्तर असे होते की, ही वेदी होमबलीसाठी नाही. उद्या तुमच्या मुलांनी आमच्या मुलांना, परमेश्वराशी तुमचा काय संबंध, असे म्हणू नये म्हणून उभी केलेली ती साक्ष आहे. आकार वेदीचाच होता, काम मात्र निराळे. फिनहासाला ते पटले आणि मंडळ माघारी गेले.

चिन्हांचा न्याय करण्यास बसणारे असेच एक मंडळ आपल्या काळातही आहे, म्हणून त्याची हकीकत येथे देतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात १९५१ साली धार्मिक चित्रकलेसाठी ब्लेक पारितोषिक सुरू झाले. ते सुरू करण्यात मायकल स्कॉट हे जेझुइट फादर आणि रिचर्ड मॉर्ली हे यहूदी गृहस्थ पुढे होते. धार्मिक कलेचा दर्जा वाढावा, चांगल्या चित्रकारांनी या विषयाकडे वळावे, हा हेतू. नाव दिले ते इंग्रज कवी व चित्रकार विल्यम ब्लेक (१७५७-१८२७) यांचे. ईयोबाच्या पुस्तकावरील त्यांची चित्रमालिका प्रसिद्धच आहे. चित्रकार चित्रे पाठवतात, परीक्षक त्यांतून निवड करून प्रदर्शन मांडतात आणि एकाला पारितोषिक देतात. पहिल्या वर्षी ते जस्टिन ओब्रायन यांना सिंहासनावर बसलेल्या मरीयेच्या चित्रासाठी मिळाले. २०१६ पासून हे प्रदर्शन सिडनीच्या पश्चिम भागातील कासुला पॉवरहाउस या कलाकेंद्राकडे आहे. आता ते दर दोन वर्षांनी भरते, आणि कोणत्याही धर्माच्या किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या कलावंताला त्यात भाग घेता येतो.

आपण प्रॉटेस्टंट मंडळींना अशा गोष्टींची जरा भीतीच वाटते. दुसरी आज्ञा आपल्या कानात असते. ती असावीच. परंतु निर्गम २० मध्ये कोरीव मूर्तीची मनाई करणारा देवच निर्गम २५ मध्ये सोन्याचे करूब घडवायला सांगतो, आणि निर्गम ३१ मध्ये बसालेलाला आपल्या आत्म्याने परिपूर्ण करतो, तेही संदेश देण्यासाठी नव्हे, तर सोने, रुपे आणि पितळ घडवण्यासाठी. हे तिन्ही अध्याय एका बैठकीत वाचल्याशिवाय या प्रश्नावर बोलू नये, असे माझे मत आहे.

१९६१ साली ब्लेक पारितोषिकावरून मोठा वाद झाला. त्या वर्षी स्टॅनिस्लाउस रापोटेक यांच्या उत्तम शुक्रवारावरील चिंतनाच्या चित्राला पहिला मान मिळाला, आणि ते चित्र पूर्ण अमूर्त होते. त्यात वधस्तंभी दिलेला प्रभू नाही, मरीया नाही, शिपाई नाही. यात उत्तम शुक्रवार कोठे आहे, असे लोकांनी विचारले. प्रश्न साधा आहे आणि मी त्याला हसणार नाही. पण लूक २३:४४ उघडा. सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत देशभर अंधार पडला. त्या तीन तासांत तेथे उभ्या असलेल्यांना तरी काय दिसले असेल?

१९९५ चे चित्र मला अधिक जवळचे वाटते. जॉर्ज गिटोज हे चित्रकार त्या वर्षी एप्रिलमध्ये रुआंडातील किबेहो येथे होते. तेथील निर्वासितांच्या छावणीत सैनिकांनी मोठी कत्तल केली. त्या गोंधळात एक मनुष्य भेदरलेल्या लोकांना पवित्र शास्त्रातून धीर देत होता. गिटोज यांनी त्याचे चित्र काढले, नाव दिले ‘द प्रीचर’, आणि त्यालाच पारितोषिक मिळाले. दर रविवारी पंख्याखाली उभे राहून बोलणाऱ्या आम्हा लोकांना त्या चित्रापुढे मान खाली घालावी लागते.

२००७ साली पुन्हा गदारोळ. निवडलेल्या चित्रांपैकी एकात पाहणाऱ्याची जागा बदलली की येशूच्या चेहऱ्याचा ओसामा बिन लादेन होत असे. दुसऱ्या एका कलाकृतीत मरीयेची मूर्ती बुरख्यात होती. तेव्हाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनीही नापसंती जाहीर केली. पहिल्या चित्राच्या कलावतीने आपला हेतू दुखवण्याचा नव्हता असे सांगितले. तरी ते चित्र मला आवडलेले नाही, हेही लिहून ठेवतो. गंमत अशी की या आरडाओरडीत पारितोषिक कोणाला मिळाले ते फार थोड्यांनी पाहिले. ते मिळाले शर्ली पर्डी या गिजा जमातीच्या आदिवासी बाईंना. क्रूसाच्या वाटेचे प्रसंग त्यांनी आपल्या भूमीतल्या मातीच्या रंगांनी रंगवले होते.

बुरख्याविषयी मात्र सबुरीने बोलावे. गोव्यात १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका यांनी मरीयेला साडी नेसवली, तेव्हा त्यांच्याच लोकांनी त्यांना बोल लावला. पुढे ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि १९६७ साली वारले. आज त्यांची अनेक चित्रे पर्वरी येथील झेवियर सेंटरमध्ये जपून ठेवली आहेत, आणि साडीतली मरीया आपल्या नाताळच्या शुभेच्छापत्रांवरही दिसते.

आता घरची गोष्ट. बारा वर्षांपूर्वी आमच्या मंडळीच्या तरुण संघाने उत्तम शुक्रवारासाठी चित्रे मांडली. एका मुलाने शिष्यांचे पाय धुणारा प्रभू काढला होता, आणि शेजारी भिंतीला टेकवलेला खराटा. प्रभूच्या शेजारी खराटा? पंचमंडळी बसली. दहा मिनिटांत ठराव झाला, चित्र उतरले. हात वर करणाऱ्यांत मी होतो, आणि त्या वेळी माझ्याजवळ ईश्वरविज्ञानाची पदविकाही होती. त्या मुलाने मंडळीत येणे सोडले. त्याचे वडील नगरपालिकेत सफाई कामगार. रविवारी पहाटेची पाळी संपवून ते थेट उपासनेला येत, आणि खराटा कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून कुंपणाबाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवत. मुलाने तो आत आणला होता. हे आम्हाला त्या वडिलांच्या दफनविधीच्या दिवशी कळले. आधी कोणी सांगितले नाही, कारण कोणी विचारले नव्हते.

मग काय वाटेल ते चिन्ह चालवून घ्यावे? नाही. दुसरा पाठ त्यासाठीच आहे. पितळी साप देवाच्या आज्ञेने घडवला गेला, मोशेच्या हातून, आणि योहान ३:१४ मध्ये प्रभूने स्वतः त्याचा दाखला दिला. एवढी थोर परंपरा असूनही हिज्कीयाने त्याचे तुकडे केले, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. घडवणारा कोण होता यापेक्षा, लोक आज त्याचे काय करत आहेत, हे त्याने पाहिले. आपल्या घरांत मूर्ती नसतील, पण आजारी लेकराच्या उशाखाली ठेवलेले आणि वर्षभर न उघडलेले बायबल मी पाहिले आहे. अशा घरी हिज्कीया आला तर काय उचलील?

अभ्यासवर्गात यहोशवा २२ मोठ्याने वाचावा. एकाने फिनहासाचा भाग वाचावा, दुसऱ्याने रऊबेन्यांचा; मध्ये घाई करू नये.

ते खराट्याचे चित्र अजून पाळकसाहेबांच्या खोलीतील कपाटामागे आहे. येत्या उत्तम शुक्रवारी ते पुन्हा लावावे, असा ठराव मी गेल्या महिन्यात पंचांपुढे मांडला. एका वृद्ध वडिलांनी विचारले, “ज्याचे चित्र आहे त्याला विचारलंत का?” विचारले नव्हते. रविवारी दुपारी ते आणि मी त्याच्या घरी जाणार आहोत.