पाठ केलेलं स्वमत

बाईंनी गठ्ठ्यातून तीन पेपर वेगळे काढले आणि एकामागोमाग एक मोठ्यानं वाचले. प्रश्न होता स्वमताचा. पहिल्या पेपरातलं स्वमत आठ ओळींचं. दुसऱ्यातलंही आठ ओळींचं आणि शब्दन्‌ शब्द तेच. तिसऱ्यात एक स्वल्पविराम तेवढा कमी होता. वर्गात खसखस पिकली. बाई हसल्या नाहीत. "एका स्वल्पविरामापुरता मतभेद आहे म्हणायचा," एवढंच म्हणाल्या आणि पेपर ज्याचे त्याला देऊन टाकले.

तिसरा पेपर ज्याचा, तो मुलगा मळवली स्टेशनपलीकडच्या एका गावातला. अकरावीला नुकताच पुण्याकडे जाऊ लागलेला. आज हा लेख तोच लिहितो आहे. पण त्या मुलाकडे जरा लांबून पाहिलं की त्याच्या चुका नीट दिसतात. म्हणून या लेखात तो 'मी' नाही, 'तो' आहे.

मार्च २०२३च्या दहावीच्या परीक्षेत त्याला मराठीत ८६ गुण पडले होते. गावात पेढे वाटले गेले, आणि आत्यानं तर 'आमचा पोरगा लेखक होणार' असं परस्पर जाहीरही करून टाकलं. ते ८६ कसे आले, हे फक्त त्याला आणि त्याच्या गाईडाला ठाऊक होतं.

दहावीच्या मराठीची प्रश्नपत्रिका जाऊन २०१८-१९ पासून कृतिपत्रिका आली, ती घोकंपट्टी मोडावी म्हणून. मुलानं उतारा वाचावा, आकृती पूर्ण करावी आणि शेवटी आपल्याला काय वाटतं ते आपल्या शब्दांत लिहावं, हा हेतू. दहावीच्या मराठीच्या, म्हणजे कुमारभारतीच्या, लेखी परीक्षेच्या ८० गुणांत गद्याला १८, पद्याला १६, स्थूलवाचनाला ६, भाषाभ्यासाला १६ आणि उपयोजित लेखनाला २४ गुण. हेतू चांगला, पण बाजार त्याहून चपळ. प्रत्येक धड्याचं 'स्वमत' तयार करून छापलेली पुस्तकं दुकानात आली आणि मुलांनी ती मतं पाठ केली. त्यानंही केली. धडा न वाचता धड्याविषयीचं स्वतःचं मत त्याला खाडखाड म्हणता येत होतं. गाईड कामाला न येणारी जागा एकच होती: अपठित उताऱ्याचे ४ गुण. तिथं तो नेहमी अडखळायचा. पण ८० मधल्या चारांची काळजी कोण करतो?

ती करायला हवी होती. पुस्तकाबाहेर पडल्यावर समोर येतं ते सगळं अपठितच असतं. बँकेचा अर्ज, सातबाऱ्यावरची नोंद, औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद, नोकरीचं पत्र, यांतल्या कशाचंच गाईड निघत नाही. हे दुखणं त्याच्या एकट्याचं नव्हतं. ग्रामीण भारतातली मुलं काय वाचू शकतात हे 'प्रथम'च्या पुढाकारानं होणाऱ्या 'असर' पाहणीत तपासलं जातं. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी पाचवीतली मुलं २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, करोनानंतर २०२२ मध्ये ४२.८ टक्के. त्याला अक्षरं वाचता येत होती, तेव्हा तो या आकड्यांत मोडत नव्हता. त्याची गोची पुढच्या पायरीवर होती. वाचलेल्याचं पुढे काय करायचं, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही स्वतःला विचारलं नव्हतं.

पेपराच्या त्या प्रसंगानंतर त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या भरात त्यानं दुसरी चूक केली. ही पहिलीपेक्षा मोठी. आता गाईड नको, नोट्स नको, वर्गही नको, जे काय वाचायचं ते आपलं आपण, असं त्यानं ठरवलं. मळवलीहून शिवाजीनगरपर्यंत लोकलला तास-सव्वा तास लागतो. कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव अशी स्टेशनं मागं पडत असताना तो वाचायचा. कॉलेजात पोचल्यावर तासाला बसायच्या ऐवजी कट्ट्यावर वाचत बसायचा. कुणी हटकलं तर उत्तर तयार होतं: "गोनीदांनी तर सातवीतच शाळा सोडली होती!"

दाखला खरा होता, पण अर्धा. गोनीदा, म्हणजे गोपाळ नीलकंठ दांडेकर, मावळला परके नाहीत. त्यांचं घर तळेगाव दाभाड्याचं. 'पवनाकाठचा धोंडी' त्यांनी पवन मावळातून उभा केला आणि 'माचीवरला बुधा' राजमाचीवरून. जन्म १९१६चा, आणि तेराव्या वर्षी स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी शाळा आणि घर दोन्ही सुटलं. पुढे 'स्मरणगाथा'ला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार, १९८१ च्या अकोल्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. इतकं त्याला पाठ होतं. मधला भाग त्यानं वाचलाच नव्हता. शाळा सुटल्यावर हा माणूस गाडगे महाराजांच्या सहवासात राहिला, वेदान्ताच्या अध्ययनाला बसला, नर्मदेची परिक्रमा पायी केली, आयुष्यभर गडकोट हिंडला. शाळा सुटली, शिकणं सुटलं नाही. आणि शिकताना समोर कायम कुणीतरी होतं. बाईंनी हे त्याला जिन्यात गाठून दोन मिनिटांत सांगितलं आणि शेवटी विचारलं, "तू तास सोडलेस, ते कुणाच्या संगतीला जायला?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

बाईंचा शनिवारचा एक तास वाचनाचा असे. एकानं घरी वाचलेल्या पुस्तकावर पाच मिनिटं बोलायचं आणि बाकीच्यांनी विचारायचं, इतका साधा मामला. त्याच्या वाट्याला शनिवार आला तेव्हा त्यानं 'माचीवरला बुधा' निवडलं. लोकलमध्ये दोनदा वाचलं होतं, राजमाची तर ओळखीची. तो ऐटीत उभा राहिला आणि म्हणाला, ही मुंबई सोडून माचीवर राहायला गेलेल्या एका एकाकी म्हाताऱ्याची गोष्ट आहे. एकाकीपणावर त्यानं बरंच काही ऐकवलं. मागच्या बाकावर लोणावळ्याकडच्याच एका वाडीतली मुलगी होती, एरवी तोंड न उघडणारी. ती म्हणाली, "एकाकी कुठंय रे तो? सारखं कुणी ना कुणी आहेच की त्याच्याजवळ. फक्त माणसं नाहीत."

त्यानं तिथंच पुस्तक उघडलं. कुत्रं होतं, पाखरं होती, झाडं होती, अख्खं रान होतं. दोनदा वाचूनही हे त्याच्या नजरेतून निसटलं होतं, कारण 'शहर सोडलं म्हणजे एकाकी' हे मत त्यानं पुस्तक उघडायच्या आधीच करून ठेवलं होतं. गाईडातलं मत पाठ करणं आणि आपल्याच डोक्यातलं जुनं मत पुस्तकावर चिकटवणं, यांत फारसा फरक नाही, हे त्याला त्या शनिवारी उमगलं. एकट्यानं वाचल्याशिवाय आपलं मत होत नाही हे खरं. पण ते चारचौघांत मांडल्याशिवाय त्यातली भोकं दिसत नाहीत.

मावळात हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. भाताचं रोप आधी राबात दाटीवाटीनं वाढतं. पाऊस लागला की ते उपटून खाचरात आवणी करायची. राबातच ठेवलं तर लोंबी धरत नाही, आणि राब न करता एकेक दाणा लांब लांब फेकला तर तण त्याला गिळून टाकतं. दोन्ही लागतं, आणि वेळच्या वेळी लागतं. त्याच्या आजोबांनी ऐंशी पावसाळे हेच केलं. नातवाला ते कळायला अकरावी उजाडली.

मग त्याला आजूबाजूलाही दिसू लागलं. शाळेत 'माझे आवडते प्रेक्षणीय स्थळ' या निबंधात त्यानं तीन वेळा कार्ला लेणी लिहिली होती. दर चैत्रात एकवीरेला तो घरच्यांबरोबर जायचाच. देवीच्या देवळाला लागूनच चैत्यगृह, पण तिथं तो फोटोपुरता शिरायचा. वाचायचं म्हणून तो पहिल्यांदा गेला दिवाळीच्या सुट्टीत. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा कोरीव शीर्षांचे खांब, वर लाकडाच्या कमानी. ओसरीतल्या ब्राह्मी लेखात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल सांगतो की हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह त्यानं पूर्णत्वाला नेलं. आतल्या खांबांवर मात्र वेगवेगळ्या दात्यांची नावं आहेत. कितीतरी जण धेनुकाकट नावाच्या गावचे, काही स्वतःला यवन म्हणवणारे. एकेक खांब एकेकाच्या दानाचा, पण छत सगळ्यांवर एकच. तीन निबंधांत यातलं एक अक्षर नव्हतं. तिन्ही निबंधांना दहापैकी आठ होते.

ग्रंथाचा मान राखूनही तो तपासून कसा घ्यावा, याचं उत्तम उदाहरण लोणावळ्यातच आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये इथं कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. हठयोगाच्या ग्रंथांत उड्डियान, नौली या क्रियांची वर्णनं शतकानुशतकं होती. लोक ती ऐकत होते, सांगत होते. कुवलयानंदांनी ती करणाऱ्या माणसाला क्ष-किरणांसमोर उभं केलं, शरीराच्या आतला दाब मोजला आणि निघालं ते छापलं. त्यांनी ग्रंथावर आंधळा विश्वास ठेवला नाही आणि तो फेकूनही दिला नाही. आधी वाचलं, मग मोजलं, मग चारचौघांपुढे मांडलं. तो मुलगा कैवल्यधामच्या फाटकावरून शेकडो वेळा गेला असेल. आत काय चालतं हे त्यानं विचारलं सतराव्या वर्षी.

आता ज्यांच्या हातात यंदा नवीन कुमारभारती किंवा युवकभारती आली आहे, त्यांच्यासाठी त्यानं पडत-धडपडत जमवलेलं थोडं काही.

धडा वर्गात होण्याआधी एकदा वाचावा, गाईड न उघडता. समजला नाही तरी चालेल. जिथं अडलं तिथं पेन्सिलीनं खूण करावी. तीन खुणा पुष्कळ झाल्या. एकही खूण झाली नाही तर आपण वाचलं नाही, नुसती नजर फिरवली, असं समजून पुन्हा सुरुवात करावी. वाचून झालं की पुस्तक मिटून पाच ओळी लिहाव्यात. शुद्धलेखनाची फिकीर तेव्हा करू नये. ही वही कुणाला दाखवायची नसते, त्यामुळे तिच्यात खोटं लिहायचं कारण नाही.

वर्गात त्या तीन खुणांपैकी निदान एक मोठ्यानं विचारावी. याला धीर लागतो, विशेषतः गावाकडून आलेल्या पोराला. आपल्या बोलण्यातला मावळी हेल ऐकून कुणी हसेल, ही धास्ती त्याला वर्षभर होती. पहिल्यांदा हसलेही. तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही, कारण तोवर त्यांच्याही खुणा तिथंच पडल्या होत्या हे बाहेर आलं होतं.

गाईड जाळायची गरज नाही. ते शेवटी उघडावं, आपल्या पाच ओळी ताडून पाहायला. काही वेळा गाईड बरोबर निघतं, तेव्हा आपली ओळ दुरुस्त करावी. काही वेळा आपण बरोबर निघतो. तो आनंद पेढ्यांत नसतो.

आणि थोर माणसाचा दाखला द्यायचा तर पुरता वाचून द्यावा. अमक्यानं शाळा सोडली, तमका नापास झाला होता, हे सांगून आपली कंटाळ्याची सोय लावणं फार सोपं आहे. पुढची वीस वर्षं त्या माणसानं काय केलं, ते पान आधी शोधावं.

आईवडिलांना एकच विनवणी. निकालाच्या दिवशी गुण विचारा, जरूर विचारा. पण मधल्या एखाद्या संध्याकाळी, भाकरी थापता थापता, "आज काय वाचलंस, सांग की" असंही विचारा. त्याच्या आईची शाळा चौथीतच सुटली. तिला 'बुधा' सांगताना तो दोनदा अडला, आणि त्या दोन्ही जागा त्याला नंतर पुन्हा वाचाव्या लागल्या. शिक्षकांना सांगण्याइतका तो मोठा नाही. पण आठवड्यातला एक तास अभ्यासक्रमाच्या कचाट्यातून सोडवता आला तर बघा. त्याच्या आयुष्यात तो शनिवारचा तास नसता, तर हा लेख नसता.

बारावीला त्याला मराठीत ८१ गुण मिळाले, दहावीपेक्षा पाच कमी. आत्यानं फोनवर "असं कसं झालं रे?" म्हणून विचारलं. स्वमताच्या प्रश्नाला त्यानं सहाच ओळी लिहिल्या होत्या. त्या कुठल्याही गाईडात नव्हत्या.