पेंढ्यापासून हायड्रोजन



आंबोळीचे पीठ रात्री ठेवले की सकाळी फुगून वर येते. कोणी फुगवले ते? डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांनी! ते पिठातली साखर खातात आणि वायू सोडतात. यालाच किण्वन, म्हणजे आपले साधे आंबणे, म्हणतात. पिठातला वायू जळत नाही. पण क्लॉस्ट्रिडियम जातीचे काही जिवाणू हायड्रोजन सोडतात. तो झकास जळतो. धूर नाही, काजळी नाही. तयार होते ते पाणी.

हे जिवाणू गोबरगॅसच्या बंद टाकीतही असतात. मग तिथे हायड्रोजन का मिळत नाही? कारण हायड्रोजन झाला रे झाला की दुसरे जीव तो फस्त करतात व त्याचा मिथेन करतात. शास्त्रज्ञांनी यावर युक्ती काढली. टाकीतला काला आधी चांगला तापवायचा. मिथेनवाले मरतात, क्लॉस्ट्रिडियम मात्र कवचात दडून तग धरतात.

आता हिशोब पाहू. ग्लुकोज साखरेच्या एका रेणूपासून पाण्याच्या मदतीने हायड्रोजनचे १२ रेणू निघू शकतात. आंबवून मात्र जास्तीत जास्त ४ मिळतात. बाकीचा आंबट पाण्यात अडकतो. म्हणून त्या पाण्यापासून पुढे मिथेन करतात.

पुण्यात १९४६ साली स्थापन झालेली आघारकर संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी सेंटिएंट लॅब्सबरोबर भात, गहू, मका यांच्या काडीकचऱ्यापासून आधी हायड्रोजन व मग मिथेन काढण्याची रीत शोधली. २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यातच हायड्रोजनवर चालणारी बसही दाखवण्यात आली.

आमच्या पनवेल तालुक्यात भात पिकतो. आमच्या वाडीत गुरे कमी झाली, त्यामुळे पेंढा पडून कुजतो. आणि आई मात्र चुलीपुढे डोळे चोळत बसते! एकीकडे जळण कुजते, दुसरीकडे लाकूडफाट्यासाठी वणवण. हा कुठला न्याय?

हायड्रोजन घरी करू नका बरं का! तो फार हलका, चटकन गळतो, भडकतो, आणि त्याची ज्योत दिवसा दिसतही नाही. ते काम प्रयोगशाळेचे. पण गोबरगॅस आजही होण्यासारखा आहे. पालकहो, येत्या ग्रामसभेत एवढा एक विषय काढाल का?

— इयत्ता सातवी