शहरातल्या मुलाने गाऱ्हाणं कुठे मांडायचं?

सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण आणि शहरी स्थानिक शासन संस्थांचे पाठ एकामागोमाग येतात. आपण ते बहुतेक वेळा फळ्यावर तक्ता काढून संपवतो. ग्रामपंचायत, सरपंच. नगरपरिषद, नगराध्यक्ष. महानगरपालिका, महापौर. परीक्षेपुरतं तेवढं पुरतं. पण शिक्षक मित्रहो, एकदा वर्गात एवढंच विचारून बघा : "तुमच्या गल्लीतला दिवा महिनाभर बंद आहे. कुठे जाऊन बोलाल?" गावातलं मूल पटकन सांगतं, ग्रामसभेत. शहरातलं मूल गप्प बसतं, आणि त्याचं गप्प बसणं काही चूक नाही.

गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभा आपल्याला परिचयाच्या आहेत. तिथे उभं राहून सरपंचांना थेट प्रश्न विचारता येतो. (कोरमअभावी तहकूब झालेल्या ग्रामसभाही आपण पाहिल्या आहेत, पण तो वेगळा विषय.) महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत मात्र बोलतात ते नगरसेवक. नागरिक फार तर प्रेक्षक गॅलरीत बसून ऐकतो.

हे अंतर कमी करायचे प्रयत्न झाले. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यामुळे तीन लाख व त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. २००९ साली महाराष्ट्राने क्षेत्रसभेचीही तरतूद केली, म्हणजे शहरातली ग्रामसभाच म्हणा ना. पण आपल्या भागात क्षेत्रसभा भरली आणि मी तिला गेलो, असं सांगणारा पालक मला अजून भेटायचा आहे. त्यात २०२२ च्या सुमारास अनेक महापालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि काही वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. ज्याच्याकडे जायचं तो नगरसेवकच नव्हता!

ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत त्यांनी ऐकलं असेल, तिथल्या बऱ्याच शहरांत कौन्सिलच्या बैठकीत रहिवाशांना माइकपाशी येऊन दोन-तीन मिनिटं बोलता येतं. कॅलिफोर्नियात ब्राउन कायद्याने अशी संधी देणं बंधनकारकच आहे. मात्र विषयपत्रिकेवर नसलेल्या तक्रारीवर तिथेही त्याच बैठकीत निर्णय होत नाही. मी त्यांच्याकडून फक्त तीन मिनिटांचं घड्याळ उचललं आणि वर्गात सभा भरवली.

पहिल्या दिवशी सगळी भाषणं एकसारखी झाली. "पाणी येत नाही, कोणी लक्ष देत नाही, आम्ही टॅक्स भरतो." मग आम्ही ठरवलं, बोलणाऱ्याने चारच गोष्टी सांगायच्या : कुठे, कधीपासून, त्रास कोणाला, आणि नेमकं काय करून हवं. त्याच मुलाने दुसऱ्या दिवशी सांगितलं, "आमच्या चाळीत दिवाळीपासून नळाला दाब कमी आहे. शेवटच्या आठ घरांना मोटार नाही, त्यांच्यापर्यंत पाणी पोचत नाही. वेळ वाढवली नाही तरी चालेल, दाब तपासा." मिनिटभरही लागलं नाही.

खरा धडा पुढे सुरू झाला. शाळेच्या रस्त्यावरचा फूटपाथ हातगाड्यांनी भरलेला असतो, मुलांना रस्त्यावरून चालावं लागतं. एकाने मागणी केली, सगळ्या गाड्या हटवा. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरची मुलगी उठली : "माझी आई तिथेच भाजी विकते. हटवा म्हणता, मग कुठे जायचं ते पण सांगा." वर्ग चिडीचूप.

अशा वेळी घाईने हात वर करून मतदान घेऊ नका. बहुमत टाळ्या वाजवणाऱ्यांचं असतंच. मी मुलांना २०१४ चा पथविक्रेता कायदा सोपा करून सांगितला. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असले पाहिजेत, असं तो म्हणतो. म्हणजे तिच्या आईलाही त्या टेबलाशी जागा आहे. मग चर्चा वळली. गाड्या राहू देत, पण फूटपाथवर पिवळा पट्टा मारून चालण्यापुरती जागा मोकळी ठेवावी आणि शाळेसमोर स्पीडब्रेकर करावा, इथवर मुलं आली. पट्टा कुठून कुठे मारायचा हे त्या मुलीनेच सांगितलं. तिला तिथली प्रत्येक गाडी माहीत!

अर्ज मुलांनी लिहिला, सह्या पालकांनी केल्या. पालकहो, एक व्यवहाराची गोष्ट. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक प्रभाग कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे हवेत बोलणं. काही जण लोकशाही दिनात जायचं सुचवतात. पण तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते, सामूहिक प्रश्नाला ती वाट नाही. नगरसेवक असतील तर त्यांना एक प्रत जरूर द्या. सभागृहात प्रश्न विचारायचा अधिकार त्यांचा आहे आणि चार मुद्द्यांचा कागद हातात असला की त्यांनाही सोपं जातं. शक्य असेल तर कार्यालयात मुलांना सोबत न्या. शिक्का उमटताना त्यांनी पाहायला हवा.

आमच्या अर्जातला पट्टा मारून झाला. स्पीडब्रेकरचा विषय वाहतूक पोलिसांच्या अभिप्रायासाठी गेलाय. ती मुलं आता सातवीत आहेत. आवक क्रमांक त्यांच्या वहीत आहे आणि दर महिन्याला दोघं जण जाऊन विचारून येतात.