प्रेमकथेतील 'विचारणे'

प्रेमकथांना आपण 'बायकांचे वाचन' म्हणून बाजूला ठेवतो. वर्गात उल्लेख झालाच, तर 'स्वप्नरंजन' या एका शब्दात विषय संपतो. मला तो शब्द अपुरा वाटतो.

सुरतेच्या बमरोली भागात खानदेशातून आलेली अनेक कुटुंबे राहतात. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती-हिंदी. येथे साड्यांना टिकल्या, लेस लावण्याचे काम बायका घरी करतात आणि हात चालू असताना मोबाइलवर मराठी प्रेमकथा ऐकतात. त्यांत काय आवडते, असे मी विचारतो तेव्हा नायकाच्या रूपाचे वर्णन क्वचितच ऐकू येते. एकीने सांगितले, "तो तिले इचारस." म्हणजे, तो तिला विचारतो. लग्न, गाव, काम यांपैकी बरेच काही न विचारता ठरलेल्या बाईला हे विचारणेच मोठे वाटते.

जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील अशा वाचक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरच्यांसाठी राबताना वाचनाचा तेवढा वेळ स्वतःचा असतो, हे त्यांनी नोंदवले.

मराठीत ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांनी परस्परांना निवडणारी सुशिक्षित तरुण-तरुणी लोकप्रिय केली. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, यांच्या 'कळ्यांचे निःश्वास'ने दुसरी बाजू मांडली: मुलगी शिकली, मिळवू लागली, तरी तिच्या मनाचे काय? ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून शिकवावीत.

मात्र सर्वच प्रेमकथा नायिकेला विचारत नाहीत. काहींत नायकाचा हट्ट, पाठलाग, जबरदस्ती हेच प्रेम ठरते आणि तिचा नकार लाजेत जमा होतो. म्हणून कोणतीही प्रेमकथा वाचताना विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न लिहून काढावेत. नायिकेला कोण आणि केव्हा विचारते? ती 'नाही' म्हणाली, तर पुढे काय घडते? लग्नानंतर तिच्या मिळकतीवर हक्क कोणाचा?

लेखकांनाही हेच प्रश्न उपयोगी पडतील. टिकल्या लावत ऐकणाऱ्या बाईला होकाराइतकाच नकारही मान्य होणारी कथा मिळाली पाहिजे.