आधी बुंधा बघ

सोसायटीचा सेक्रेटरी झालास हे ऐकलं. आता पाण्याच्या टाकीइतकंच आवारातल्या झाडांकडेही बघावं लागेल, आणि तेही मे महिन्यात वळवाचे ढग दिसायच्या बरंच आधी. माझी सगळी नोकरी उद्यान खात्यात झाली, तेव्हा मामाचे चार शब्द ऐकून ठेव. पटतील ते घे.

तुमच्या फाटकाशी गुलमोहर आहे, पार्किंगवर वर्षावृक्ष आहे आणि मागच्या भिंतीला सोनमोहर. आपल्या शहरांत हेच त्रिकूट जिथेतिथे दिसतं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, वर्षावृक्ष मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. झटपट वाढतात, भरपूर सावली देतात, म्हणून लावले गेले. पण भराभर वाढणाऱ्या झाडाचं लाकूड बहुतेकदा हलकं आणि ठिसूळ असतं. गुलमोहराची फांदी वाकून इशारा देत नाही, खटकन मोडते. साताऱ्यात 1 मेला गुलमोहर दिन साजरा करतात. करायलाच हवा, उन्हाळ्यात तसं दुसरं झाड नाही. पण म्हाताऱ्या गुलमोहराखाली माझी गाडी मी लावणार नाही.

शेवग्यावर पोरांना चढू देत नाहीत ते उगाच नाही. जांभळाचंही तेच. फांदी मनगटाएवढी जाड दिसते, पण जांभळं काढणारा पोरगा तिच्यासकट खाली येतो. सिल्व्हर ओक, निलगिरी, पांगारा, लाल फुलांची पिचकारी ही सगळी त्याच पंगतीतली. उलट चिंच बघ. वादळात तासभर घुसळून निघते, पण सहसा मोडत नाही.

पण जात ऐकून लगेच कुऱ्हाड शोधू नकोस. ठिसूळ झाड निरोगी असेल तर छाटणीवर कित्येक वर्षं काढतं, आणि दणकट जातीचं झाड मुळांत कुजलेलं असेल तर वाऱ्याशिवायही आडवं होतं. म्हणून माझा पहिला मंत्र असा, की झाड तपासताना वर बघायच्या आधी खाली बघ. लोक मान वर करून वाळक्या फांद्या मोजतात आणि पायाखालच्या जमिनीला गेलेली भेग त्यांना दिसत नाही.

बुंध्याभोवती एक सावकाश फेरी मार. झाड ज्या बाजूला कललंय त्याच्या विरुद्ध बाजूची माती उचलल्यासारखी, फुगल्यासारखी दिसते का? फरशा तडकल्यात का? तसं असेल तर मुळं सुटायला लागलीत, त्या झाडाखाली त्याच दिवसापासून कुणाला उभं राहू देऊ नकोस. नुसतं कललेलं झाड वाईटच असं नाही. लहानपणापासून कललेल्या झाडाचा शेंडा पुन्हा सरळ आभाळाकडे वळलेला असतो. शेंडासुद्धा कललेल्या दिशेलाच असेल तर तो कल नवा आहे.

मग बुंध्याशी बुरशी शोध. कानाच्या पाळीसारखी, कडक, तपकिरी, कडेला पांढरट अशी अळंबी गुलमोहराच्या बुंध्यावर पावसाळ्यात फार दिसते. मुलं ती तोडून खेळतात आणि मोठी माणसं सोडून देतात. ती बाहेर दिसली म्हणजे आतलं लाकूड बरंच आधी कुजायला लागलेलं असतं. तोडून टाकल्याने काही थांबत नाही.

त्यानंतर लाकडी हातोडा किंवा काठीचा जाड बुडखा घेऊन खोडावर चहूबाजूंनी ठोकत जा. भरीव लाकूड टणक बोलतं, पोकळ लाकूड घुमतं. ढोली असलेलं प्रत्येक झाड पाडायचं नसतं हेही ध्यानात ठेव. ढोबळ हिशेब असा, की बाहेरचं चांगलं लाकूड खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एकतृतीयांशाइतकं जाड असेल तर खोड बऱ्यापैकी तग धरतं. म्हणजे 60 सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला सगळीकडून 10 सेंटिमीटर तरी भरीव लाकूड हवं. त्याहून कमी असलं, किंवा ढोलीला एका बाजूने मोठं भगदाड असलं, तर जाणकाराला बोलाव.

आता वर बघ. दोन जाड फांद्या जिथे फुटतात ते बेचकं गोलसर असेल तर मजबूत. अरुंद, टोकदार, आत साल दबलेलं बेचकं दगा देतं, कारण दोन फांद्यांच्या मध्ये लाकूड जुळलेलंच नसतं, नुसती साल असते. गुलमोहर आणि वर्षावृक्ष बहुधा तिथेच उभे चिरतात. आणि जिथे पूर्वी कुणी झाडाचा शेंडा सपाट कापलाय, तिथून झाडूसारखे फुटलेले धुमारे नीट बघ. दिसायला हिरवेगार असतात, पण वरवर चिकटलेले असतात. पाच-सहा वर्षांनी ते मांडीएवढे जाड होतात आणि मग पडतात. झाड ‘बोडकं करून घ्या’ असं सांगणारे सभासद तुला भेटतीलच. ऐकू नकोस, त्याने धोका चार पावसाळे पुढे ढकलला जातो आणि वाढतो.

इथे मला थोडं चिडून बोलू दे. शहरातली निम्मीअधिक धोकादायक झाडं आपणच तशी केलेली असतात. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवायचे, पाइपासाठी चर खणताना एका बाजूची मुळं साफ उडवायची आणि दोन वर्षांनी झाड पडलं की म्हणायचं, परदेशी झाड, मूळच नाही त्याला! राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते काही शोभेसाठी नाही. तुमच्या वर्षावृक्षाभोवतीचे ब्लॉक या उन्हाळ्यातच उचलून घे. सब्बल लावताना मुळं सांभाळायला सांग.

छाटायला माणसं आली की तू तिथे हजर राहा. ठेकेदाराला पाला नको असतो, जाड लाकूड हवं असतं. त्यामुळे जी फांदी काढायची ती राहते आणि जी राहायची ती ट्रकमध्ये जाते. कोणत्या फांद्या काढायच्या त्यांवर आदल्या दिवशी चुन्याची खूण करून ठेव. जाड फांदी तीन कापांत उतरवायची असते. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून पूर्ण काप, आणि उरलेला खुंट शेवटी. खालचा काप न घेता वरून करवत चालवली की फांदी आपल्या वजनाने खोडाची साल सोलत खाली येते. खुंट काढताना फांदीच्या मुळाशी जो फुगीर कंगोरा असतो तो राखायचा. खोडाला घासून सपाट कापू द्यायचं नाही आणि लांब खुंटही ठेवू द्यायचा नाही. अमेरिकेच्या वन खात्यातल्या ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं चिरून दाखवून दिलं, की झाड जखम भरून काढत नाही, कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत बांधतं. तो कंगोरा गेला की ती भिंत नीट उभी राहत नाही. कापावर डांबर फासायचीही गरज नाही.

अख्खं झाड पाडायचंच ठरलं, तर ते तुझं काम नाही आणि गल्लीतल्या कोयतेवाल्याचंही नाही. पण चुकीचं काय चाललंय ते ओळखता यावं म्हणून सांगतो. पडायच्या बाजूला खोडाच्या व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी खाच घेतात. मग मागून, खाचेपेक्षा थोडा वर, काप आणतात आणि मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी लाकडाची पट्टी न कापता ठेवतात. ती बिजागरीचं काम करते, झाड तिच्यावर वळून ठरल्या जागी पडतं. ती पट्टी कापली की झाड कुणाचंच नाही. कापणाऱ्याची पळवाट मागे तिरकी, आधीच मोकळी केलेली हवी. सरळ मागे उभं राहायचं नाही, कारण बुंधा उसळून तिकडेच येतो. आतून कुजलेल्या खोडात ही पट्टी भरवशाची नसते, म्हणून तसं झाड शेंड्याकडून तुकड्यातुकड्याने दोरावर उतरवतात. तुमच्या आवारात मोकळी जागा नाही, तिथे हीच पद्धत लागेल. चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा आणि डोक्याला हेल्मेट नसेल तर काम सुरूच होऊ देऊ नकोस. त्याचा विमा आहे का तेही विचार, लाजू नकोस.

लोकांना किती लांब ठेवायचं? काठी हातात उभी धर, मुठीच्या वरचा भाग डोळ्यापासून मुठीच्या अंतराएवढा ठेव, आणि हात ताठ ठेवून मागे मागे जा. मूठ बुंध्याशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळलं, की तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे जवळपास झाडाची उंची. त्याच्या दुप्पट अंतरावर दोरी बांध. फांद्या तारांत अडकल्या असतील तर आधी वीज कंपनीला फोन. केबलची तार समजून कुठलीच तार बाजूला करायला जाऊ नकोस. अर्धवट पडून दुसऱ्या झाडावर टेकलेलं झाड दिसलं तर त्याच्याखालून कुत्रंसुद्धा जाऊ देऊ नकोस.

कागदपत्रांचं थोडक्यात. शहरात 1975चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. झाड स्वतःच्या आवारातलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना 2021च्या दुरुस्तीने वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण दिलंय. गावच्या बांधावरच्या आंबा, चिंच, जांभूळ, फणस यांसारख्या झाडांसाठी 1964चा वेगळा कायदा आहे. अर्जासोबत बुंध्याचे, भेगांचे, अळंबीचे फोटो जोड. नुसतं ‘झाड धोकादायक आहे’ लिहिलेला अर्ज टेबलावरच पडून राहतो.

पावसाळ्यात वर्षावृक्षावर बगळ्यांची आणि वंचकांची घरटी असतात, म्हणून छाटणी त्याआधीच उरकायची. ढोलीत पोपट किंवा पिंगळा आहे का तेही बघून घे. गुलमोहर गेलाच तर त्या जागी ताम्हण, करंज नाहीतर बकुळ लाव, आणि भिंतीपासून नीट अंतर सोडून लाव. पाहणी, झाडावर नोटीस, लोकांच्या हरकती यांत दोन-तीन महिने सहज जातात, तेव्हा या वर्षीचा अर्ज फेब्रुवारीत देऊन टाक आणि पोच घ्यायला विसरू नकोस.